काळी पाच

आमच्या वारज्याच्या सोसायटीतली लिफ्ट मजल्यावर थांबली की वाजणारी घंटी काळी चारची आहे. शेजारच्या कुकरची शिट्टी पांढरी सहावर सुरू होते आणि वाफ संपत आली की घसरत घसरत कुठेही जाते. खालच्या मजल्यावरच्या मुलीच्या गिटारची तिसरी तार गेलं वर्षभर उतरलेली आहे, आणि तिच्या क्लासच्या सरांना ते ऐकू येत नाही, किंवा ऐकू येऊनही त्यांचं काही बिघडत नाही. मला हे सगळं ऐकायचं नसतं. पण ऐकू येतं, आणि ऐकू आलं की हात शिवशिवतात. उठून काहीतरी पिळावं, ताणावं, जागेवर आणावं असं वाटतं. ऑफिसात माझ्या टेबलावरचा पंखा कुरकुरला तर मी शिपायाची वाट न बघता स्वतः खुर्चीवर चढते. लोक म्हणतात, बाईंना धीर नाही. खरं आहे.

हा कान मला माझ्या वडिलांच्या पेटीने दिला. पेटी म्हणजे हार्मोनियम. ज्यांनी ती जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या पट्ट्या असतात आणि पाच काळ्या. गाणारा माणूस त्यातली एक आपला सा म्हणून धरतो, आणि तीच त्याची पट्टी. पट्टी वर गेली की सगळं गाणं वर जातं, खाली आली की सगळं खाली येतं, चाल तीच राहते. बायका बहुतेक काळी चारच्या आसपास गातात. माझी आई काळी पाचला गायची.

ती लग्न होऊन अकोल्याकडून पुण्यात आली. बाबा इथे कारखान्यात फिटर होते आणि नदीपलीकडच्या वस्तीत दोन खोल्यांत राहायचे. आजोबांनी धम्म घेतला त्यानंतरची आमची ही पहिली पिढी शहरात आलेली, त्यामुळे घरात देव नव्हते आणि पेटी होती. एप्रिलमधल्या जयंतीला वस्तीत मांडव पडायचा, दुसऱ्या वस्त्यांतल्या गायन पार्ट्या यायच्या, आणि आमची आई बाबांच्या शेजारी बसून माईकवाल्याला म्हणायची, जरा लांब ठेवा हो, माझा आवाज मोठा आहे. मग माईक लांब ठेवूनही शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जायचा. तिला सगळे काळी पाचवाल्या बाई म्हणायचे. काही जणांना तिचं खरं नाव माहीतही नव्हतं.

तिचं शेवटचं गाणं ठरलेलं असे. शब्द बाबांचे, चाल तिची. एक मुलगी पाटी घेऊन पहिल्यांदा शाळेत जाते, अक्षरं गिरवते, आणि शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव मोठ्याने वाचते. त्या नावावर चाल वरच्या सप्तकातल्या गंधारापर्यंत चढायची आणि तिथे थांबायची. आम्ही तिला ‘ती जागा’ म्हणायचो. वस्तीतल्या मुली त्या जागेसाठी पुढे येऊन बसायच्या. आई ती जागा हसत हसत घ्यायची, जणू तिथे रोजची येजा आहे.

बाबांनी मला पेटी शिकवली तेव्हा पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की पेटीचा गंधार थोडा खोटा असतो. पेट्यांच्या कारखान्यात सगळे सूर एकाच मापाने लावतात, म्हणजे कुठल्याही पट्टीत वाजवता याव्यात म्हणून सगळ्यांशी थोडं थोडं खोटं बोलतात. गळ्याचा गंधार खरा. म्हणून साथ करणाऱ्याने गाणाऱ्याच्या मागे जायचं, पुढे नाही. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते आणि मला फक्त पुढे जायला आवडायचं.

बाबा गेल्यावर आईने त्यांची पेटी वस्तीतल्या विहाराला देऊन टाकली. समोर दिसली की जेवण जात नाही, म्हणाली. आम्ही दोघी वारज्याला माझ्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. दोन वर्षं ती गायली नाही. सकाळची वंदना म्हणायची, तीही पुटपुटत. मग एका रविवारी भाजी निवडताना तिने पाटीच्या गाण्याची पहिली ओळ गुणगुणली, आणि मी त्याच दुपारी जाऊन नवी पेटी घेऊन आले. मी सांगितलंच, मला धीर नाही.

ही नवी पेटी स्केलचेंजर होती. तिच्यात पट्ट्यांचा अख्खा सांगाडा किंचित उचलून डावी-उजवीकडे एकेक घर सरकवता येतो. म्हणजे बोटं त्याच पट्ट्यांवर ठेवायची, आणि आवाज मात्र अर्ध्या पट्टीने वर किंवा खाली येतो. दुकानात मी काळी पाच दाबली आणि दुकानदाराला सांगितलं, तुमची पेटी अर्ध्या पट्टीने चढी आहे. तो म्हणाला, शक्य नाही, मशिनवर लावलीय. मी म्हटलं, तुमच्या मशिनला सांगा, मी बाबांच्या पेटीवर वाढलेय. त्याने मोबाईल काढून सूर मोजायचं अ‍ॅप उघडलं. मी ते बघितलंसुद्धा नाही. पट्ट्यांचा सांगाडा एक घर खाली सरकवला, काळी पाच पुन्हा दाबली आणि म्हटलं, आता बरोबर आहे. दुकानदार हात जोडून म्हणाला, ताई, तुम्ही म्हणाल तसं. पुण्यात हे वाक्य शिवीसारखं वापरतात, पण मी ते विजयाच्या कप्प्यात टाकून घरी आले.

आई गायला लागली. सोसायटीतल्या बायका रविवारी सकाळी यायच्या, चहा व्हायचा, दोन-तीन गाणी व्हायची. मग कर्वेनगरात एका नातेवाइकांच्या निवृत्तीच्या समारंभात तिला गायला सांगितलं. शेवटी पाटीचं गाणं. आणि त्या जागेवर तिचा आवाज फाटला. फार नाही, कागदाचा कोपरा फाटतो तेवढाच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना पुलाच्या सिग्नलला ती स्कूटरवर माझ्या मागून एकदम म्हणाली, “बास झालं आता. काळी पाच झेपत नसेल तर गायचं नाही. उतरवून गाण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.”

सिग्नल सुटला. माझं मात्र ठरून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेली आणि मी पेटीच्या पट्ट्या आणखी एक घर खाली सरकवल्या. रविवारी बायका आल्या. आई नको नको म्हणत बसली, माझी बोटं काळी पाचवर बघितली, आणि गायली. ती जागा आली. तिचा आवाज वर गेला, तिथे टेकला, फाटला नाही. गाणं संपल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. “बघ,” ती म्हणाली, “हळदीच्या गुळण्या.”

मला हे सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. काहीतरी मोडलं होतं आणि मी ते कुणालाही न कळता दुरुस्त केलं होतं.

पुढच्या वर्षी आणखी एक घर. पहिल्यांदा चोरून पट्ट्या सरकवल्या त्याला आता तीन वर्षं होत आली होती. या काळात आईने दही सोडलं, लोणचं सोडलं, फ्रिजचं पाणी सोडलं, आणि सकाळी उठून गॅलरीत उभी राहून खर्ज लावायला लागली. येईल त्याला सांगायची, पंचाहत्तरी आली पण काळी पाच सुटली नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना तिने गुळण्यांचं प्रमाण लिहून दिलं. ती जागा घेताना तिच्या कपाळावर बारीक आठी पडायची, डोळे घट्ट मिटायचे. बायका म्हणायच्या, किती रंगून गातात. मलाही तसंच वाटायचं.

गेल्या वैशाखात विहाराच्या सेक्रेटरींचा फोन आला. बुद्धपौर्णिमेला विहाराचा वर्धापनदिन होता. काकूंनी यावं, वस्ती वाट बघतेय, पाटीचं गाणं झालंच पाहिजे. आणि पेटी आणू नका, म्हणाले, काकांची पेटी इथे आहेच, तिच्यावरच होऊ दे.

आईने फोन ठेवला आणि कपाट उघडून पांढऱ्या साड्या बाहेर काढायला लागली. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, बंद केला, परत सोडला. बाबांच्या पेटीला पट्ट्या सरकवायची सोय नव्हती. तिच्यावर काळी पाच म्हणजे काळी पाचच. आई सगळ्या वस्तीसमोर बसणार, ती पट्टी धरणार, आणि माझ्या हिशेबाने दोन घरं वर, जिथे तिचा आवाज आता तीन वर्षं गेलेला नव्हता, तिथे त्या जागेवर जाणार. पुढे मुली बसलेल्या असणार.

पौर्णिमेला आठ दिवस होते. ते मी कसे काढले ते विचारू नका. पहिल्या दिवशी म्हटलं, आई, आपण आपलीच पेटी नेऊ, ती वाजायला हलकी आहे. ती म्हणाली, ह्यांची पेटी असताना? दुसऱ्या दिवशी म्हटलं, या वेळी दुसरं गाणं म्हण की, ते तर सगळ्यांचं ऐकून झालंय. तिने गुळण्यांसाठी पाणी गरम करायला ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, ऊन फार आहे, तुझं बीपी. ती म्हणाली, “तुला यायचं नसेल तर तसं सांग, मी रिक्षाने जाईन.” ऑफिसात मी दोन पत्रं चुकीच्या विभागाला पाठवली. साहेब म्हणाले, मॅडम, रजा घ्या. मी घेतली आणि वस्तीत जाऊन, भाता तपासून आणते असं सांगून, बाबांची पेटी घेऊन आले. घरी नाही. थेट कसबा पेठेत.

स्कूटर लांब लावावी लागली. पेटी कडेवर घेऊन गल्लीतून चालताना तिचा तो ओळखीचा वास आला, जुन्या लाकडाचा आणि थोडा बाबांच्या तंबाखूचा. पेटी दुरुस्त करणारे गृहस्थ सत्तरीचे असतील, एकटेच बसले होते. त्यांनी पेटी मांडीजवळ ओढून घेतली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “काय झालंय?”

“भाता बघायचाय. आणि पट्टी उतरवायचीय.”

“किती?”

“दोन घरं.”

“कोण गातं?”

“आई.”

“मग आईंना म्हणावं, खालची पट्टी धरा. बोटं दोन घरं सरकवायची, त्यासाठी पेटी कशाला उघडायची?”

“तिला कळायला नकोय.”

आता त्यांनी चष्म्यावरून वर बघितलं. “म्हणजे दुरुस्ती पेटीची नाही,” ते म्हणाले. “बरं. बसा.”

त्यांनी स्क्रू काढून वरची फळी उचलली. आत पितळेचे सूर, म्हणजे हवेने वाजणाऱ्या बारीक पात्या, दोन ओळींत बसवलेले होते. लहानपणी बाबा पेटी साफ करायचे तेव्हा मी ते बघायची, पण हात लावायची परवानगी नव्हती. गृहस्थांनी एका सुरावर बोट ठेवलं, मग शेजारच्यावर, मग टेबलावरचा दिवा जवळ ओढला.

“ही तर आधीच उतरवलेली आहे,” ते म्हणाले.

“शक्य नाही.”

“अर्ध्या पट्टीने. सगळे सूर एकेक घर सरकवलेत.”

“अहो, मी या पेटीवर वाढलेय. माझा कान—”

“ताई, कान राहू द्या. हे वाचता येतं.” त्यांनी मला सुराच्या बुडाशी कोरलेली बारीक अक्षरं दाखवली. काळी पाचच्या घरात पांढरी सहाचा सूर बसवला होता. पांढरी सहाच्या घरात काळी चारचा. ओळीने सगळे तसेच, एकेक घर सरकलेले, आणि फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बाण काढलेले. बाणांखाली बाबांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘अर्धी पट्टी खाली’. कोपऱ्यात कागदाची एक घडी खोचलेली होती. त्यात दोन्ही ओळींच्या वरच्या टोकाचे उरलेले दोन सूर होते, तेल लावून ठेवलेले.

“कुणी केलंय?”

“वडिलांनी. ते फिटर होते.”

“दिसतंय,” गृहस्थ म्हणाले. “आमच्यातले इतकं नीट करत नाहीत.” मग त्यांनी विचारलं, “आता काय करू? आणखी उतरवू की मूळ जागी आणू?”

मी म्हटलं, काहीच नको, भाता तेवढा बघा. मी बाहेर पायरीवर येऊन उभी राहिले आणि गल्लीतले आवाज ऐकत राहिले. तांब्याच्या भांड्यावर कुणीतरी ठोकत होतं. एरवी मी लगेच पट्टी सांगितली असती. आता मला कुठल्याच आवाजाला नाव देता येईना. लिफ्टची घंटी काळी चारची नव्हती. कुकर पांढरी सहावर सुरू होत नव्हता. त्या दुकानदाराची पेटी चढी नव्हती, तो बिचारा बरोबर होता, आणि मी त्याच्या मोबाईलकडे बघायलाही तयार नव्हते. आयुष्यभर मी ज्याला ज्याला उतरलेला किंवा चढलेला म्हटलं, त्या सगळ्यांची रांग माझ्यासमोरून गेली. पन्नास वर्षं मी एका सरकवलेल्या पेटीने जग मोजत होते.

पण खरं सांगते, वारज्याला परत येईपर्यंत माझा चेहरा फुलला होता. पेटी पायांशी, रहदारी तुंबलेली, आणि मी मनात म्हणतेय, म्हणजे बाबांनीही हेच केलं. त्यांनीही तिला न सांगता पट्टी उतरवली. इतकी वर्षं ती काळी पाचवाल्या बाई म्हणून मिरवली ती बाबांच्या जिवावर, आणि आता माझ्या. तीन वर्षं जे मनात सलत होतं ते एकदम हलकं झालं. मी गुन्हेगार नव्हते, मी वारस होते. आता आईला सांगायला काहीच हरकत नव्हती. ती हसेल, बाबांना दोन शिव्या देईल, आणि विहारात आपण पट्टी बदलून गाऊ.

ती टेबलाशी बसून साडीला फॉल लावत होती. मी तिच्यासमोर कागदाची घडी उघडली आणि ते दोन सूर ठेवले. मग सगळं सांगितलं, एका दमात, स्केलचेंजरपासून. पहिलं घर, दुसरं घर, तिसरं घर. आणि शेवटी, बक्षीस द्यावं तसं, बाबांचं सांगितलं.

आईने सुई साडीत खोचून ठेवली. एक सूर उचलला, तळहातावर घेतला, आणि उलटा करून बुडाची अक्षरं बघितली.

“हे मला माहीत आहे,” ती म्हणाली. “तू झालीस तेव्हा माझा आवाज बसला. वर जाईचना. जयंती तोंडावर आली होती. मी चिडले, म्हटलं, आता गाणारच नाही. ह्यांनी त्या दिवशी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून आले, चहा घेतला, आणि म्हणाले, अर्धी पट्टी उतरवू का? लोकांना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी म्हटलं, नका सांगू. मग आम्ही दोघांनी मिळून सूर बदलले. ते स्क्रू काढत होते आणि तू माझ्या मांडीवर होतीस.”

मी म्हटलं, “मग मीही तेच केलं ना.”

आई पुण्यात पन्नासहून जास्त वर्षं राहिली आहे. तिची भाषा माझ्यापेक्षा शुद्ध आहे. फक्त फार लागलं की ती अकोल्याची होते.

“त्यायनं मले इचारलं होतं,” ती म्हणाली. “तू नाई इचारलं.”

ती उठली आणि खोलीत गेली. मी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले, मग गॅलरीत, मग परत ओट्यापाशी. समोरच्या बाईंचा आवाज आला, त्या गुळण्या करत होत्या. मला तो आवाज सहन होईना. मी दार लावून घेतलं.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. दह्याची वाटी ताटात घेतली आणि माझ्याकडे न बघता खाल्ली. विहारात जाणार की नाही, काही सांगितलं नाही. मला विचारायचं होतं, दर दहा मिनिटांनी विचारायचं होतं, आणि दर वेळी मी जीभ दाताखाली धरून भांडी घासत होते. मोलकरणीने घासलेली भांडी मी परत घासली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने बाबांची पेटी जमिनीवर ओढून घेतली. तिला पेटी वाजवता येत नाही. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताचं एक बोट. तिने काळी पाच दाबली आणि आवाज लावून बघितला. मग शेजारची. मग त्याच्या शेजारची. दर पट्टीला थांबून, पाटीच्या गाण्याची शेवटची ओळ हळू आवाजात म्हणून, मान हलवून, पुढची पट्टी. मी दारात उभी होते. तिला कुठे थांबायला हवं ते मला माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं. मी तीन वर्षं तिला ज्या पट्टीत गायला लावत होते ती पट्टी या पेटीवर कुठे येते हे मी झोपेतही सांगितलं असतं. सांगायला तोंड उघडलं आणि तिने मागे न बघता हात वर केला. मी आत गेले, पंखा लावला, बंद केला, आणि पलंगावर पालथी पडले.

पौर्णिमेला सकाळी ती पांढरी साडी नेसून दारात उभी होती. “चल,” म्हणाली, “उशीर होतोय.”

विहारात गर्दी होती. वंदना झाली, भाषणं झाली, एका पाहुण्यांनी आभार मानता मानता दुसरं भाषण केलं. मग आम्हाला बोलावलं. पुढे मुली बसल्या होत्या, त्यांच्या आया बसल्या होत्या, आणि काही आया अशा होत्या ज्या पूर्वी त्या मुलींच्या जागी बसायच्या. ढोलकीवाला जुना, आमच्या वस्तीतलाच. त्याने कुणालाही न विचारता ढोलकी काळी पाचला चढवून ठेवली होती. मी पेटी पुढे घेतली, भाता सोडला, आणि माझी बोटं आपोआप काळी पाचवर गेली. ती मी उचलली. लहानपणापासून आईला साथ करते, पण कुठलाही साथीदार गाणाऱ्याला जे पहिलं विचारतो ते मी तिला कधी विचारलेलंच नव्हतं.

“आई,” मी म्हटलं, “पट्टी?”

माईक तिच्या तोंडाजवळ होता. या वेळी तिने तो लांब ठेवायला सांगितलं नव्हतं. “काळी तीन,” ती म्हणाली, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

ढोलकीवाल्याने मान वर केली. “आधी सांगायचं ना काकू,” असं पुटपुटत तो कड्या सैल करायला लागला. पुढची एक म्हातारी बाई म्हणाली, “उतरली गं पट्टी?” आई म्हणाली, “उतरली. मी आता जिनेही चढत नाही, लिफ्टने जाते.” लोक हसले. मी हसले नाही, कारण मी पेटीवर घरं मोजत होते. तीन वर्षं चोरून उतरवत उतरवत मी तिला जिथे आणून ठेवलं होतं, आणि जिथे तिला आराम आहे असं मी धरून चालले होते, काळी तीन त्याच्याही दोन घरं खाली होती.

गाणं सुरू झालं. मी मागे राहिले, बाबांनी सांगितलं होतं तशी. मुलगी शाळेत गेली, तिने अक्षरं गिरवली, आणि शेवटची ओळ आली. आई त्या जागेवर गेली आणि थांबली, डोळे उघडे ठेवून, पुढच्या मुलींकडे बघत, हसत. कपाळावर आठी नव्हती. ती आठी मी तीन वर्षं दर रविवारी समोरून बघितली होती.